बंदुकीच्या खेळांतील सुतारकाम
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वर्धा येथे केलेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून वधूवर-परिचय, शिष्यवृत्त्या, वसतिगृहाची डागडुजी आणि विश्वकर्मा जयंतीचा जमाखर्च हे विषय दरवर्षी निघतात, आणि ते निघालेच पाहिजेत. यंदा कार्यकारिणीने आम्हांवर जो विषय सोपविला आहे, तो ऐकून सभागृहातील निम्म्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील याची आम्हांस कल्पना आहे. संगणकावर जे बंदुकीचे खेळ खेळले जातात, त्या खेळांतील जागा, म्हणजे दालने, गल्ल्या, जिने आणि चौक, कशा रचाव्यात, आणि त्या रचण्याची विद्या त्याच खेळांबरोबर मिळणाऱ्या अवजारांनी कशी शिकावी, असा तो विषय होय.

विषय हलका वाटला तरी त्यामागची चिंता हलकी नाही. देवळी, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, कोठेही जा; आपल्या समाजातील घरटी एक तरी मुलगा, आणि हल्ली मुलगीही, आईबापांस सांगते की, मला खेळ खेळावयाचे नाहीत, खेळ बनवावयाचे आहेत. बापाच्या दुकानात तयार दारे आणि प्लायवूडच्या फळ्या येऊन पडल्यापासून रंधा खुंटीला लागलेला आहे. मुलाने त्या धंद्यात यावे असे बापालाही मनापासून वाटत नाही. पण मुलगा जे म्हणतो आहे ते काम आहे की चाळा आहे, हे ठरविण्यास त्याच्यापाशी साधन नसते. मग एक तर मुलावर हात उगारला जातो, नाही तर नागपूर-पुण्याच्या एखाद्या खासगी संस्थेत लाखाच्या घरात फी भरली जाते. या दोहोंच्या मध्ये एक स्वस्त आणि कष्टाचा रस्ता आहे. तोच आज दाखवावा असा आमचा विचार आहे.

प्रथम शब्दाविषयी. या खेळातील एकेका जागेला ‘लेव्हल’ म्हणतात. आपल्या कारखान्यात लेव्हल म्हणजे बुडबुड्याची काचनळी बसविलेली पट्टी; ही लेव्हल निराळी. खेळणारा जेथे शिरतो, फिरतो, लपतो, वाट चुकतो आणि अखेर जेथून बाहेर पडतो, ती सारी वास्तू मिळून एक लेव्हल होते. ‘पातळी’ हे तिचे भाषांतर आम्हांस पटत नाही. ‘वाडा’ म्हटले तर अर्थ अधिक जवळ येतो. परंतु मुलांच्या तोंडी लेव्हल हाच शब्द बसलेला आहे, तेव्हा तोच ठेवू.

आता मोठा आक्षेप. महात्मा गांधी १९३६ साली ज्या सेगावात येऊन राहिले आणि १९४० साली ज्याचे नाव सेवाग्राम झाले, त्या गावापासून हाकेच्या अंतरावर उभे राहून बंदुकीच्या खेळाची भलावण करावी काय? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. शस्त्र म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारास ३१ मे २०१६ रोजी आग लागली तेव्हा ती विझविताना किती घरांचे कर्ते पुरुष गेले, हे या सभेतील अनेकांस ठाऊक आहे. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना पडद्यावरचा स्फोट करमणूक वाटत नाही, आणि त्यांना तो तसा वाटावा असा आमचा आग्रहही नाही. आणखी एक गोष्ट लपविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १९९९ साली अमेरिकेतील कोलंबाईन विद्यालयात ज्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याच सोबत्यांची हत्या केली, त्यांतील एक ‘डूम’ या खेळाच्या लेव्हल बनवीत असे. त्याच अवजारांनी त्याच काळात कितीतरी मुलांनी लेव्हल बनविल्या आणि त्यांच्या हातून कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही, हेही तितकेच खरे आहे. पण म्हणून पालकांनी निर्धास्त राहावे असे नव्हे. या खेळांच्या वेष्टनावर सतरा-अठरा वर्षांची वयोमर्यादा छापलेली असते, ती पाळावी. त्याहून लहान मुलाने लेव्हल रचावी, परंतु तीत शत्रू ठेवू नये. अवजारात तशी सोय आहे, आणि रिकाम्या वास्तूत सुद्धा शिकण्यासारखे पुष्कळ असते. किंबहुना आधी रिकामी वास्तूच शिकावी.

ही विद्या खेळणाऱ्यांच्या हाती आली कशी, तो इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने १९९२ साली ‘वुल्फेन्स्टाईन थ्री-डी’ नावाचा खेळ काढला. काही हिकमती खेळाडूंनी त्याच्या फायली फोडून आत स्वतःच्या खोल्या घातल्या. दुसऱ्या एखाद्या मालकाने कोर्टाची पायरी दाखविली असती. कंपनीचा मुख्य प्रोग्रामर जॉन कार्मॅक याने उलटे केले. १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ बाहेर आला, तेव्हा त्याने खेळ चालविणारे यंत्र एका फायलीत आणि भिंती, चित्रे, आवाज असा सारा माल दुसऱ्या फायलीत वेगळा ठेवला. म्हणजे यंत्राला हात न लावता माल बदलता यावा. महिना-दीड महिना उलटला नाही तोच, जानेवारी १९९४ मध्ये, न्यूझीलंडचा ब्रेंडन वायबर आणि बेल्जियमचा राफाएल किने यांच्या खटपटीतून ‘ड्यू’ नावाचे संपादन-अवजार फुकट उपलब्ध झाले. कंपनीने ते बनविले नव्हते. खेळणाऱ्यांनी एकमेकांसाठी बनविले होते. टिम विलिट्स नावाचा विद्यार्थी आपल्या बहिणीच्या साथीने डूमच्या लेव्हल बनवी. त्या पाहून १९९५ साली त्याच कंपनीने त्याला कामावर घेतले. पुढे बेन मॉरिस याने ‘क्वेक’ या खेळासाठी ‘वर्ल्डक्राफ्ट’ हे अवजार लिहिले. व्हॉल्व्ह कंपनीने ते विकत घेतले आणि तिचा १९९८ चा ‘हाफ-लाईफ’ त्याच अवजाराने घडला. तेच पुढे ‘हॅमर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. अवजाराचे नाव हातोडा! आमचा जीव या विषयात रमला तो तेव्हापासून.

परंतु ज्या उदाहरणावर आम्ही अधिक वेळ घालवू इच्छितो ते इंग्लंडमधील डेव्ह जॉन्स्टन या मुलाचे. १९९९ साली मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघा तरुणांनी हाफ-लाईफच्याच पायावर ‘काउंटर-स्ट्राईक’ नावाचा खेळ उभा केला. एक बाजू बॉम्ब लावणारी, दुसरी तो निकामी करणारी. आपल्याकडच्या सायबर कॅफेत एके काळी मुले गर्दी करीत ती बहुतांशी याच खेळासाठी. त्यातील ‘डस्ट’ ही लेव्हल जॉन्स्टनने बनविली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. दुसऱ्या एका आगामी खेळाची काही चित्रे त्याच्या पाहण्यात आली होती. वाळवंटी ऊन, पिवळसर भिंती, कमानी. तसे काही आपणही करावे एवढीच त्याची सुरुवातीची पुंजी. त्याने स्वतः हे मोकळेपणाने सांगितले आहे. म्हणजे प्रारंभ नकलेने झाला. भिंतींवरची रंगचित्रे मात्र दुसऱ्या तरुणाने करून दिली; जसे घडाई एकाची आणि रंगकाम दुसऱ्याचे. २००१ साली त्याने ‘डस्ट टू’ केली. त्यानंतर कितीतरी नवे खेळ आले आणि गेले, पण ही लेव्हल नव्या रूपात आजही खेळली जाते.

तिच्यात असे आहे तरी काय? आम्ही ती लेव्हल एडिटरात उघडून कागदावर उतरवून पाहिली. दोन बाजूंची दोन टोके, मध्ये तीन वाटा, आणि बॉम्ब लावण्याच्या दोन जागा. मधल्या वाटेवर एक दार असे आहे की, त्याच्या फटीतून पलीकडचा माणूस क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. दोन्ही बाजू एकाच वेळी निघाल्या तर कोठे समोरासमोर येतील, हे अंतरावरून आधीच ठरते. कोपऱ्यावर अंधार कोठे आणि उजेड कोठे, यावरून कोणाला कोण आधी दिसेल हे ठरते. अवघडपणा हा की, एक बाजू चार पावलांनी जवळ ठेवली तर दुसरी रोज हरेल. तेव्हा रचणाऱ्याला पावले मोजावी लागतात. हे काम कल्पनेच्या भरारीचे थोडे आणि मोजपट्टीचे फार, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

मोजपट्टीवरून आठवले. शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी काय करावे, तर त्या खेळाचा गज कोणता हे समजून घ्यावे. डूममध्ये खेळणाऱ्याची उंची ५६ मापे आणि रुंदी ३२ मापे धरलेली आहे. २४ मापांपर्यंतची पायरी तो उडी न मारता चढतो. हाफ-लाईफ आणि जुन्या काउंटर-स्ट्राईकमध्ये उंची ७२, रुंदी ३२ आणि पायरी १८. म्हणजे डूमचा वीर आपल्या उंचीच्या जवळजवळ निम्म्याएवढी पायरी एका पावलात चढून जातो! तशी पायरी आपल्या कारागिराने केली असती तर मालकाने मजुरी दिली नसती. तरी त्या जगात तोच नियम, आणि जो कारागीर तो नियम विसरून २५ मापांची पायरी करील त्याच्या वाड्यात कोणीही वर चढू शकणार नाही. दार ३२ मापांचे केले तर माणूस त्यात घासत अडकेल. ६४ चे तरी हवे. प्रत्येक खेळाचा गज वेगळा, म्हणून एका खेळाची मापे दुसऱ्यात नेऊ नयेत.

सुरुवात डूमपासूनच करावी असा आमचा सल्ला आहे, आणि त्याचे कारण त्याची गरिबी. डूमचा नकाशा सपाट कागदावर काढल्यासारखा असतो. रेघा ओढाव्यात, त्या बंद झाल्या की आतली जागा एक दालन होते. मग त्या दालनाला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेड द्यावा. उजेडाचे आकडे शून्यापासून २५५ पर्यंत. मूळ डूममध्ये एका खोलीच्या वर दुसरी खोली ठेवताच येत नाही. पण माडी नाही म्हणून शिकणारा उंच-सखल जमीन, चौथरा, खालचा हौद आणि खिडकी यांतूनच वास्तूला गंमत आणावयास शिकतो. एखाद्या भिंतीवर चित्र चढवावयाचे राहून गेले, तर खेळताना तेथे आरसेमहालासारखा चित्रांचा चिखल दिसतो; चूक कोणी दाखवून देण्याची गरज राहत नाही.

पहिल्या आठवड्यात एकच खोली करावी. एक दार, एक खिडकी, एक पायरी. ती चालवून पाहावी, मोडावी, पुन्हा करावी. दुसऱ्या आठवड्यात कंपनीच्या मूळ खेळातील पहिली लेव्हल, जॉन रोमेरोने रचलेली, एडिटरात उघडावी आणि रेघ न् रेघ वाचावी. जुन्या वाड्याचे दार उतरविताना शिकाऊ पोराला कूस कोठे बसली आहे हे जसे कळते, तसे येथे कळते. खिडकीतून आधी दिसणारे अंगण आणि तेथे जाण्याची वाट मात्र पुढे कोठे तरी, ही युक्ती तेथेच सापडेल. मग ती जशीच्या तशी कोऱ्या नकाशावर स्वतःच्या हाताने पुन्हा काढावी. नक्कल म्हणून कोणी हसेल, हसू द्यावे. हात जन्माने येत नाही, बसून येतो, आणि हे आपल्या समाजाने इतरांस सांगावयास हवे. उलट आपलीच काही मंडळी ‘आमच्या रक्तातच कारागिरी आहे’ असे म्हणून मुलांना आळशी करतात.

तिसरा धडा आम्ही आपल्या गावावरून घेण्यास सांगतो. आपले घर, शाळेचा व्हरांडा, आठवडी बाजाराचा ओटा पावलांनी मोजावा आणि त्या खेळाच्या मापात बसवावा. कोणाला हौस असेल त्याने सेवाग्रामला जाऊन बापूकुटी डोळ्यांत साठवून आणावी. मीराबेनने प्रथम स्वतःसाठी बांधलेली ती कुटी मातीची, बांबूची आणि कौलांची आहे. दार बुटके, छप्पर उतरते, आणि बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकताच डोळ्यांवर उतरणारा थंड अंधार. तो अंधार २५५ पैकी किती आकड्यांनी येतो, हे ज्या मुलाला पाच-पंचवीस प्रयत्नांनी सापडेल, त्याला उजेडाविषयी कोणत्याही वर्गात जाण्याची गरज उरणार नाही. मात्र त्या लेव्हलीत बंदूक ठेवू नये, शत्रू ठेवू नये. ही आमची अट आहे, आणि तीत वाद नको.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच वर्धा शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्यातून नयी तालीमची योजना आखली. हस्तोद्योग हा एक जादा विषय न ठेवता त्याच्याच द्वारे गणित, भूगोल आणि भाषा शिकवावी, हे तिचे सूत्र. गांधीजींनी या खेळांना संमती दिली असती असे सुचविण्याचा आमचा बिलकूल हेतू नाही. बहुधा दिली नसतीच. परंतु लेव्हल रचताना मुलगा प्रमाण, कोन, अंतर, वेग आणि काळ शिकतो ते पाठांतराने शिकत नाही, हे आम्ही पाहिलेले आहे. दहावीला भूमितीत कसाबसा पास झालेला मुलगा जिन्याच्या सोळा पायऱ्यांची एकूण चढण क्षणात तोंडी सांगतो, तेव्हा दोष भूमितीचा नव्हता हे उघड होते.

डूम हातात बसला की क्वेककडे वळावे. तेथे रेघा नाहीत, ठोकळे आहेत; पाचर, तुळई, फळी असे भरीव तुकडे जोडून खोली करावयाची. हे तर शुद्ध आपले काम. तेथला एक नियम कडक आहे: सारी वास्तू बाहेरच्या पोकळीपासून पूर्ण बंद हवी. केसाएवढी फट राहिली तरी कोठून काय दिसते याचा हिशेब संगणक करीत नाही. त्याला ‘लीक’ म्हणतात. मग तो आतील वस्तूपासून बाहेरच्या पोकळीपर्यंत एक रेघ ओढून गळती कोठे आहे ते दाखवितो. पावसाळ्यात कौलांखाली उभे राहून ज्याने गळ शोधली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

खर्चाचे म्हणाल तर तो नगण्य आहे. डूमचा मूळ प्रोग्राम कंपनीने १९९७ साली सर्वांस खुला केला. ‘फ्रीडूम’ या नावाने चित्रे-आवाजांसह विनामूल्य माल मिळतो, ‘जीझेडडूम’ तो चालवितो, आणि ‘अल्टिमेट डूम बिल्डर’ हा एडिटर फुकट आहे. क्वेकसाठी ‘ट्रेंचब्रूम’ तसाच. जुना संगणकही पुरतो. एक सावधगिरी मात्र हवी: कंपनीच्या खेळातील चित्रे आणि आवाज कंपनीचेच राहतात. आपली लेव्हल लोकांस दाखवावी, फुकट वाटावी. विकावयाची असल्यास अटी वाचाव्यात. खरी अडचण इंग्रजीची आहे. सारी माहिती त्या भाषेत, आणि आपली मुले मराठी शाळेतली. त्यावर तोडगा एवढाच की, दोघांतिघांनी मिळून बसावे, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने करावे. मंडळाने मराठीत वीस-पंचवीस पानांची पुस्तिका काढली तर छपाईचा खर्च फार येणार नाही, हेही कार्यकारिणीच्या कानावर घालतो.

पोटापाण्याचे काय, हा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला नव्हता. पण त्याचे उत्तर थोडक्यात आहे. काम आहे, पण फार नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली पुण्यातील स्टुडिओ आपल्याकडे घेतला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. त्यातील राजस्थानी हवेल्यांची दालने सुतार-गवंड्यांच्या मुलांनी अवश्य पाहावीत. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ हा बंदुकीचा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाईलवर आला. म्हणजे रस्ता आहे, अरुंद आहे. तेव्हा हातची पदवी, आयटीआय किंवा पदविका सोडून कोणी यात उडी घेऊ नये. जेथे फी मागतात तेथे आधी त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या लेव्हल चालवून दाखवा म्हणावे. दाखविता आल्या नाहीत तर परतीची गाडी धरावी. कामावर घेणारा देखील प्रमाणपत्रापेक्षा हेच पाहतो: काय केलेस, दाखव.

पैसे लावून खेळावयाचे जे ऑनलाइन खेळ, त्यांच्याशी याची गल्लत करू नये. त्यांनी आपल्या समाजातीलही काही घरे धुऊन नेली आहेत. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे खेळ निषिद्ध ठरविले आणि ई-स्पोर्ट्स तसेच साध्या खेळांस वेगळे काढून उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. मुलगा कोणत्या कामात आहे हे कळण्याची खूण सोपी आहे: त्याच्या पडद्यावर आकडे आणि रेघा दिसतात की पैशाचे व्यवहार, ते शेजारी बसून पाहावे. शेजारी बसावे मात्र. दारातून ओरडू नये.

मुलींविषयी एक शब्द. मोजपट्टी, धीर आणि दुसऱ्याच्या नजरेने जागा पाहण्याची सवय या तीन गोष्टी या कामास लागतात, आणि रांगोळीचे ठिपके जुळविणाऱ्या हातांत त्या कमी नसतात. वसतिगृहातील मुलींना संगणक मिळण्याची वेळ मुलांच्या नंतर का, याचे उत्तर कार्यकारिणीने द्यावे.

दर रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या वसतिगृहातील वाचनखोलीत या कामासाठी बैठक घेण्याचे ठरले आहे. संगणक दोनच आहेत, म्हणून एका वेळी सहा जणांस घेता येईल. नावे कार्यालयात चिटणिसांकडे नोंदवावीत. पहिल्या बैठकीस येताना प्रत्येकाने चौकटीचा कागद, पेन्सिल आणि घरातील जुना गज किंवा टेप बरोबर आणावा, आणि आपल्या घराच्या पुढच्या खोलीची लांबी, रुंदी, दाराची उंची आणि उंबऱ्याची उंची मोजून लिहून आणावी.